मधमाश्यांनी थांबवलेले दोन सामने

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात शेवटच्या पानावर अमेरिकेतल्या बेसबॉलबद्दल एक छोटी चौकट होती. तिथे एकेका दिवशी काय काय अजब घडतं, असा विषय. चेंडूच्या वाटेत आलेलं पाखरू, एका दिवसात दोन संघांकडून खेळलेला माणूस, मधमाश्यांनी अडवलेला सामना. आठ-दहा ओळींत सगळं आटोपलं होतं आणि वर एक हसरं व्यंगचित्र होतं. घरात सगळ्यांनी ती चौकट हसत वाचली. मला मात्र लिहिल्याशिवाय राहवेना, कारण त्यातल्या मधमाश्यांच्या सामन्याला मी हजर होतो. मांडीवर स्कोअरकार्ड होतं आणि हातात पेन्सिल.

आधी मी कोण ते सांगतो. सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला मी नोकरी केली. शनिवार-रविवार आणि शाळांच्या स्पर्धांच्या दिवसांत नाशिकच्या मैदानांवर स्कोअरर म्हणून बसायचो. १९८३ पासून २०११ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं. पंचांना लोक ओळखतात. स्कोअररला 'काका, किती झाले?' एवढंच विचारतात. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. प्रत्येक षटक संपलं की शेजारच्या स्कोअररकडे बघायचं, दोघांची बेरीज जुळली की मान हलवायची, हे मला फार आवडायचं.

माझी मुलगी ॲरिझोनात फीनिक्सजवळ राहते. २०२४ मध्ये तिच्याकडे गेलो असताना जावयांनी ३० एप्रिलच्या सामन्याची तिकिटं काढली. ॲरिझोना डायमंडबॅक्स विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. आम्ही जागेवर बसलो, खेळ सुरू व्हायची वेळ झाली आणि काहीच होईना. फलंदाजाच्या मागे प्रेक्षकांच्या रक्षणासाठी उंच जाळी लावलेली असते. तिच्या माथ्यावर मधमाश्यांचं मोहोळ येऊन बसलं होतं. हजारो माश्या. मोठ्या पडद्यावर तो काळा लोंबता गोळा दाखवला तेव्हा सगळं स्टेडियम 'ओऽऽ' करून ओरडलं.

माश्या काढणारा माणूस तेव्हा दुसरीकडे आपल्या मुलाचा खेळ बघत होता. तो तिथून निघाला, आला, पांढरा पोशाख चढवून उचलगाडीवर उभा राहिला आणि वर गेला. एका यंत्राने माश्या ओढून घेतल्या. मारल्या नाहीत. तो खाली उतरला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सामन्यातला पहिला मानाचा चेंडू टाकायचा मानही त्यालाच दिला. खेळ १ तास ५५ मिनिटं उशिरा सुरू झाला आणि दहाव्या, म्हणजे जादा डावापर्यंत चालला. डायमंडबॅक्स एका धावेने मागे असताना ख्रिश्चन वॉकरने चेंडू मैदानाबाहेर टोलवून दोन धावांचा होम रन मारला आणि ४-३ असा सामना संपला.

आमच्या अकरा वर्षांच्या नातीने मला त्या संध्याकाळी त्यांचं स्कोअरिंग शिकवलं. तो दीड-दोन तासांचा खोळंबा मला त्यासाठीच मिळाला असं वाटतं. त्यांच्याकडे क्षेत्ररक्षकाच्या जागेला आकडा असतो. चेंडू टाकणारा १, त्याचे चेंडू झेलणारा कॅचर २, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धावताना गाठायचं ठिकाण) ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, त्या दोघांमधला शॉर्टस्टॉप ६ आणि मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. मग चौकटीत नुसतं ६-४-३ लिहिलं की कळतं, शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोन गडी बाद झाले. वाक्य नको, नाव नको. तीन स्ट्राईक, म्हणजे नीट आलेले चेंडू हुकणं किंवा सोडणं, होऊन फलंदाज बाद झाला की 'के' हे अक्षर. तिसऱ्या स्ट्राईकला त्याने बॅट फिरवलीच नाही तर तोच 'के' उलटा काढायचा. आपल्याकडे मेडन षटकाच्या सहा टिंबांवरून रेघ ओढून 'एम' काढतात ना, तशी ही खूण. दहाव्या डावात मी अडलो. तिथे जादा डाव सुरू होताना दुसऱ्या बेसवर एक धावपटू आधीच उभा करतात, २०२० पासूनचा नियम. त्याने तर काहीच केलेलं नाही, मग त्याची धाव आली तर कोणाच्या नावावर? नात म्हणाली, "आजोबा, धाव त्याचीच. पण बॉलरच्या खात्यात ती दोष म्हणून धरत नाहीत." मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं आणि त्या नियमाचंही. ज्याचा दोष नाही त्याच्या खात्यात तो लिहायचा नाही, एवढा विचार कोणीतरी केला होता.

आता आपल्या चौकटीतलं पाखरू. २४ मार्च २००१, गाव टूसॉन, तेही ॲरिझोनातच. डायमंडबॅक्सचा रँडी जॉन्सन, सहा फूट दहा इंच उंच, डावखुरा, त्या काळातल्या सगळ्यांत वेगवान गोलंदाजांपैकी एक. समोर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅल्विन मरी. चेंडू हातातून सुटला आणि त्याच क्षणी एक कबुतरासारखा होला मधून उडत गेला. पिसांचा ढग उडाला. व्यंगचित्रात हे गमतीचं दिसतं, पण पक्षी मेला आणि जॉन्सनला त्याचं बिलकुल हसू आलं नव्हतं. मला भावतं ते पुढचं. पंचांनी निर्णय दिला की तो चेंडू टाकलाच गेला नाही असं धरायचं. ना बॉल (म्हणजे वाईट टाकलेला चेंडू), ना स्ट्राईक. आणि हा हंगामाआधीचा सराव सामना होता, ज्याचे आकडे कोणाच्या कारकिर्दीत धरले जात नाहीत. तरी तारीख, फलंदाज, निर्णय, सगळं आज इतक्या वर्षांनी नाशिकमध्ये बसलेल्या माणसाला माहीत आहे.

दोन संघांकडून खेळलेल्या माणसाचंही तसंच. जोएल यंगब्लड, ४ ऑगस्ट १९८२. दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून खेळताना त्याने फर्ग्युसन जेन्किन्सच्या चेंडूवर हिट मारली, म्हणजे फटका मारून बेस गाठला. सामना चालू असतानाच त्याला बोलावून सांगितलं, तुला मॉन्ट्रियलच्या संघाला दिलं. तो निघाला, पण हातमोजा मैदानावर राहिला म्हणून परत गेला. मग विमानाने फिलाडेल्फियाला पोचला, रात्रीच्या सामन्यात नव्या संघाकडून उतरला आणि स्टीव्ह कार्लटनच्या चेंडूवर आणखी एक हिट. एक दिवस, दोन शहरं, दोन संघ. आणि ज्या दोघांच्या चेंडूंवर त्याने हिट मारली ते दोघेही पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले.

याच्याही पुढची गोष्ट आपल्या चौकटीत नव्हती. २६ जून २०२४ ला बोस्टनमध्ये टोरोंटोचा डॅनी जॅन्सन फलंदाजीला उभा होता, त्याच्यावर एक स्ट्राईक झाला आणि पाऊस आला. सामना तिथेच थांबवून पुढे ढकलला. मधल्या काळात जॅन्सन बोस्टनच्या संघात गेला. २६ ऑगस्टला तोच सामना त्याच क्षणापासून पुढे सुरू झाला तेव्हा त्याच्या अर्धवट राहिलेल्या पाळीला टोरोंटोने दुसरा फलंदाज पाठवला आणि त्याच्या मागे बोस्टनचा कॅचर म्हणून जॅन्सन स्वतः बसला. एकाच सामन्यात दोन्ही बाजूंना एका माणसाचं नाव, मोठ्या लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच. मी स्कोअरर, मला पहिला प्रश्न पडला की त्या अर्धवट पाळीचं काय करायचं. तर त्यालाही नियम आहे. पहिल्या फलंदाजावर दोन स्ट्राईक झाले असतील आणि बदली आलेला तिसऱ्या स्ट्राईकला बाद झाला, तर तो 'के' पहिल्याच्या नावावर. एकच स्ट्राईक असेल तर बदली आलेल्याच्या. जॅन्सन एका स्ट्राईकवर होता. म्हणजे पुढे जे काही होईल ते त्याच्या नावावर येणार नव्हतं.

संपादक महोदय, हे एवढं लांबवायचं कारण आता सांगतो.

फेब्रुवारी १९९६. गोल्फ क्लब मैदान, शालेय स्पर्धेचा सामना. एका बाजूला आठवीतला एक डावखुरा मुलगा ८८ वर खेळत होता. मैदानाच्या कडेच्या झाडावरून आग्या मोहोळ उठलं. पोरं जमिनीवर पालथी पडली. पंचांनी आपला पांढरा कोट डोक्यावर ओढला. मी आणि माझा जोडीदार दोन्ही स्कोअरबुकं छातीशी धरून टेबलाखाली शिरलो. कोणीतरी ओलं गोणपाट पेटवून धूर केला. खेळ ४० मिनिटं बंद राहिला. बाहेर आल्यावर मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: मधमाश्या, खेळ ४० मि. बंद, दोन खेळाडूंना दंश.

मुलगा परत आला. दोन चौकार मारले, ९६ झाले. पुढच्या षटकात एक चेंडू आखूड पडून उसळला, त्याच्या ग्लोव्हला लागला आणि मागे सीमेपार गेला. शतक झालं असं समजून पोरांनी टाळ्या सुरू केल्या. पंचांनी गुडघा उचलून त्याला हात लावला, लेग बायची खूण केली, म्हणजे चेंडू अंगाला लागला, धावा फलंदाजाच्या नाहीत. मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी खूण पुन्हा केली. मी लेग बाय ४ लिहिलं. तीन चेंडूंनंतर मुलगा बाद झाला, ९६ वर. पॅड न सोडता टेबलापाशी आला आणि म्हणाला, "काका, ग्लोव्हला लागून गेला होता." मी म्हणालो, "बाळा, पंच सांगतील तेच लिहायचं असतं." तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. तेव्हा मी त्याच्यासमोर समासात बारीक अक्षरांत लिहिलं: फलंदाजाच्या मते ग्लोव्ह. त्याला वाचून दाखवलं. मगच तो गेला.

मी लिहिलं ते बरोबरच होतं. स्कोअररने आपल्या डोळ्यांवर जायचं नसतं. पण आवाज मीही ऐकला होता.

२ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये जे घडलं ते नातीकडून ऐकलं तेव्हा मला तो मुलगा आठवला. डेट्रॉइटचा अर्मांडो गलारागा. सव्वीस फलंदाज ओळीने बाद, एकही बेसवर पोचलेला नाही. सत्ताविसावा बाद झाला की परफेक्ट गेम, जो शंभराहून अधिक वर्षांत मोजक्यांनाच जमला. सत्ताविसाव्याचा चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला, गलारागा स्वतः तिथे धावला, फेकलेला चेंडू पकडला, फलंदाज बेसपासून स्पष्ट मागे होता. पंच जिम जॉयस यांनी 'सेफ', म्हणजे नाबाद दिलं. गलारागा फक्त हसला, परत गेला आणि पुढचा फलंदाज बाद केला. सामन्यानंतर जॉयस यांनी चित्रण पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी झाली. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी संघाची यादी पंचांना द्यायला गलारागाच गेला. जॉयस डोळे पुसत होते. निर्णय मात्र बदलला नाही. पुस्तकात आजही त्या सामन्यात एक हिट आहे. आणि ती हिट कशी आली, तेही त्या खेळाला माहीत आहे.

या जानेवारीत माझ्या दारात एक गृहस्थ आले. अंबडला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. सोबत त्यांचा आठवीतला मुलगा. त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, "काका, ओळखलंत का? मधमाश्यांची मॅच." मी ओळखलं. ते म्हणाले, "मी याला किती वेळा सांगितलं, याला खोटंच वाटतं. म्हणतो, बाबा, गुगलवर तर काही नाही. तुम्ही समासात लिहिलं होतं ते पान मिळेल का? फोटो काढून घेतो फक्त."

मी म्हणालो, बघतो. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे आम्ही हंगाम संपला की स्कोअरबुकं जमा करायचो तिथे गेलो. लोखंडी कपाट होतं, आत किटबॅगा होत्या. तिथला तरुण मुलगा भला होता, त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाला, "आजोबा, ती जुनी रजिस्टरं दोन दिवाळ्यांमागे साफसफाईत रद्दीत गेली." त्याचा काही दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ते काय आहे. पण आडवी, जाड पुठ्ठ्याची, आम्ही उन्हात बसून भरलेली सगळी पुस्तकं किलोवर गेली, आणि त्यात ते पान गेलं. मी घरी येऊन माझी कात्रणांची वही काढली. त्या सामन्याची बातमी सापडली. तीन ओळी. कोण जिंकलं, किती धावांनी, आणि 'एका फलंदाजाचं शतक चार धावांनी हुकलं'. नाव नाही. मधमाश्या नाहीत. संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून ही बातमी मीच सांगितली होती. नावं मी सांगितली होती, एवढं मला पक्कं आठवतं.

त्या गृहस्थांना मी फोन केला. ते म्हणाले, "असू द्या काका." मला रात्री झोप लागली नाही.

म्हणून आपल्याकडे लिहितो आहे, कारण हे काम मुळात वर्तमानपत्राचं होतं. बेसबॉलच्या आकड्यांच्या तक्त्याला आकार दिला तो हेन्री चॅडविक या बातमीदाराने. जन्म १८२४, इंग्लंडचा. लहानपणी अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बेसबॉल बघितल्यावर क्रिकेटचा धावफलक त्याने त्या खेळाला बेतून दिला आणि छापायला लागला. 'के' हे अक्षरही त्याचंच, 'स्ट्रक' या शब्दातलं शेवटचं. म्हणजे ज्याचं मला तिथे एवढं अप्रूप वाटलं ते मुळात आपल्याच खेळाच्या स्कोअरबुकातून गेलेलं आहे. तिथे ते जपलं गेलं. १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने रेट्रोशीट नावाची संस्था काढली. तिचे स्वयंसेवक संघांकडची, बातमीदारांकडची जुनी स्कोअरपुस्तकं शोधतात, सामन्यातली एकेक घटना उतरवून घेतात आणि सगळ्यांना फुकट बघायला ठेवतात. पगार कोणाला नाही.

आणि अजब गोष्टी आपल्याकडे काय कमी घडल्या? डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर राहिला होता. जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडला आणि संघ निघून गेला. हे आपण आज सांगू शकतो, कारण ते लिहिलेलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या. जगाने त्यावर विश्वास ठेवला तो स्कोअरबुकावर. मैदानावरच्या शाळकरी सामन्याचं पुस्तक किती मोलाचं असू शकतं, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. मग आपण ते विसरलो कसे?

माझी आपल्याकडे एकच मागणी आहे. आठवड्यातून एक दिवस, अर्धं पान नको, दोन कॉलम पुरे, नाशिकच्या शालेय आणि क्लब सामन्यांचे पूर्ण धावफलक छापा. नावांसकट, अवांतर धावांसकट. आणि खाली एक ओळ शेऱ्याची ठेवा. पाऊस, कुत्रं, मधमाश्या, जे झालं ते. आठवीतल्या मुलाचं नाव एकदा छापून आलं की ते कात्रण त्याच्या घरात तीस वर्षं राहतं.

दुसरी विनंती आपल्या वाचकांना. टिळकपथावर आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, आहे, १८४० पासूनचं. सावानाने एक कपाट द्यायची तयारी दाखवली तर शहरातली उरलीसुरली स्कोअरबुकं तिथे आणता येतील. जुने स्कोअरर अजून आहेत, नाशिकरोडला आहेत, पंचवटीत आहेत, सिडकोत आहेत. त्यांच्या माळ्यावर काहीतरी असेलच. रद्दीवाल्यांनाही विनंती, आडवी, चौकटींची जुनी वही दिसली तर फाडू नका, निदान विचारा.

माझ्याकडे घरी सहा पुस्तकं शिल्लक आहेत, १९९९ ते २००४ मधली. पानं पिवळी पडली आहेत, पण शाई वाचता येते. ती मी स्वतः नेऊन देईन. फीनिक्सच्या सामन्याचं माझं स्कोअरकार्डही देईन, त्यावर वरच्या कोपऱ्यात मी मराठीत लिहिलं आहे: मधमाश्या, खेळ १ तास ५५ मि. उशिरा. आणि १९९६ च्या त्या सामन्याचं जे जे मला आठवतं ते मी आता एका वेगळ्या कागदावर उतरवून काढतो आहे. माझे तेव्हाचे जोडीदार स्कोअरर हे पत्र वाचत असतील तर त्यांनी कृपया संपर्क साधावा. दुसरं पुस्तक त्यांच्याकडे होतं.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर
इंदिरानगर, नाशिक